शेठ वालचंद हिराचंद : वालचंदनगर आणि चंद्राची वाट

आपल्या पिंपळीहून इंदापूरच्या रस्त्याला लागले, की काटेवाडी आणि भवानीनगर मागे टाकून जंक्शनच्या फाट्यावरून वालचंदनगरला जाता येते. बारामती-इंदापूरच्या या पट्ट्यात वालचंदनगरचे नाव ऐकले नाही असे घर सापडणे कठीण. परंतु हे नगर ज्यांच्या नावाने ओळखले जाते ते वालचंदशेठ कोण, कोठले आणि त्यांनी आयुष्यात काय काय केले, असे एखाद्या मुलीने विचारले तर पुष्कळजणींना नीट सांगता यावयाचे नाही.

२३ ऑगस्ट २०२३ रोजी सायंकाळी ६ वाजून ४ मिनिटांनी चांद्रयान-३ चा विक्रम लँडर चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळच्या प्रदेशात अलगद उतरला. त्या यानाला श्रीहरिकोट्याहून वर उचलणाऱ्या अग्निबाणाच्या पोलादी कवचाचे भाग वालचंदनगरच्या यंत्रशाळेत घडले होते. ज्या गावात उसाचे गाळप करण्यासाठी कारखाना निघाला, त्याच गावातून चंद्राच्या वाटेवरचे पोलाद बाहेर पडले. हे कसे घडून आले ते समजण्यासाठी शेठजींच्या चरित्राकडेच वळले पाहिजे. म्हणून ते येथे थोडक्यात सांगावयाचे योजिले आहे.

वालचंद यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापुरास झाला. घराणे दिगंबर जैन, आडनाव दोशी. मूळचे सौराष्ट्रातील वांकानेरचे हे कुटुंब सोलापुरास येऊन स्थायिक झाले होते. वडील हिराचंद नेमचंद यांची सावकारी आणि कापसाचा व्यापार होता. आई राजूबाई वालचंदांच्या जन्मानंतर लवकरच निवर्तल्या. आईची माया म्हणजे काय हे त्या बालकास कळलेच नाही. सोलापूरच्या सरकारी शाळेतून १८९९ साली मॅट्रिक झाल्यावर पुढील शिक्षणासाठी ते मुंबईच्या सेंट झेवियर्स व पुण्याच्या डेक्कन कॉलेजात होते.

घरचा धंदा तयार होता. गादीवर बसावे, वह्या पाहाव्यात, व्याज मोजावे, एवढे केले असते तरी सुखाने आयुष्य गेले असते. पण त्यांचे मन त्यात रमेना. रेल्वेत पूर्वी कारकुनी केलेले लक्ष्मण बळवंत फाटक या गृहस्थांशी त्यांनी भागीदारी केली आणि बार्शी लाइट रेल्वेच्या बांधकामाचा ठेका घेतला. एक ब्राह्मण कारकून आणि एक जैन सावकारपुत्र, दोघांनी मिळून माती-दगडाच्या कामात हात घालावा, हे त्या काळच्या लोकांस थोडे विचित्रच वाटले असेल. फाटकांना कामाची माहिती होती, वालचंदांना भांडवल उभे करण्याची व माणसे जोडण्याची हातोटी होती. पुढे बोरघाटातील रेल्वेचे बोगदे, तानसा तलावाचे पाणी मुंबईस नेणारे मोठे नळ, अशी अवघड कामे त्यांच्या कंपन्यांनी केली. आज आपण मुंबईस जाताना खंडाळ्याच्या अंधाऱ्या बोगद्यांतून गाडी जाते, त्या वाटेवर त्यांच्या कामगारांचा घाम गळलेला आहे.

शेठजींचे नाव देशभर झाले ते जहाजांमुळे. पहिले महायुद्ध संपले तेव्हा हिंदुस्थानच्या समुद्रावरील मालवाहतूक जवळजवळ सारी इंग्रज कंपन्यांच्या हाती होती. कापूस आपला, धान्य आपले, उतारूही आपले. पण भाडे परदेशी जात होते. ग्वाल्हेरच्या शिंदे सरकारांच्या मालकीची 'लॉयल्टी' नावाची आगबोट वालचंदांनी नरोत्तम मोरारजी आदी सहकाऱ्यांसह विकत घेतली आणि सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी स्थापन केली. ५ एप्रिल १९१९ रोजी ती बोट मुंबईहून लंडनकडे निघाली. त्या दिवसाची आठवण म्हणून १९६४ पासून आपल्या देशात ५ एप्रिल हा राष्ट्रीय सागरी दिन पाळला जातो.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. ही बोट व्यापाराच्या हिशेबाने यशस्वी झाली नाही. थोड्याच वर्षांत ती मोडीत काढावी लागली. बलाढ्य इंग्रज कंपन्यांनी भाडी उतरवून नव्या कंपनीची कोंडी केली, आणि १९२३ साली सिंदियाला किनाऱ्यावरील वाहतुकीपुरते मर्यादित राहण्याचा करार स्वीकारावा लागला. पण कंपनी बुडाली नाही. बोटी चालविणे, त्यांची निगा राखणे, माणसे तयार करणे, हे सारे आपल्या लोकांना शिकावयास मिळाले. १९२९ साली वालचंद तिचे अध्यक्ष झाले आणि १९५० पर्यंत त्या पदावर राहिले.

आता आपल्या भागाकडे येऊ. नीरा डावा कालवा आला तो १८८५ च्या सुमारास. दुष्काळाने होरपळलेल्या या माळरानावर पाणी खेळू लागले आणि ज्वारी-बाजरीच्या जोडीला ऊस उभा राहिला. १९३२ साली सरकारने परदेशी साखरेवर संरक्षक जकात बसविली, तेव्हा देशात साखर कारखाने काढणे परवडू लागले. शेठजींनी नाशिक जिल्ह्यात मालेगावजवळ रावळगाव येथे १९२३ पासून शेती केलेली होती. तेथे साखर कारखानाही निघाला. त्याच सुमारास, १९३४ साली, इंदापूर तालुक्यातील कळंब गावी त्यांचा साखर कारखाना सुरू झाला. कारखान्याभोवती वसाहत, शाळा, दवाखाना, बाजार असे गाव वसत गेले आणि कळंबचे ते माळरान वालचंदनगर या नावाने ओळखले जाऊ लागले.

या यशाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. उसाच्या मळ्यांसाठी शेतकऱ्यांच्या जमिनी मोठ्या प्रमाणावर खंडाने घेतल्या गेल्या. १९६१ च्या कमाल जमीन धारणेच्या कायद्यानंतर हे मळे राज्य शेती महामंडळाकडे गेले, आणि मूळ खंडकऱ्यांना आपली जमीन परत मिळावी म्हणून दीर्घ काळ झगडावे लागले. त्या झगड्यात या भागातील कित्येक घरांच्या दोन-दोन पिढ्या गेल्या. थोर पुरुषाचे चरित्र लिहिताना ही बाब झाकून ठेवणे योग्य नव्हे.

साखर कारखान्याची एक खोड असते, ती घरात मोठी चूल सांभाळणाऱ्या बाईला चटकन कळेल. हंगाम एकदा सुरू झाला की थांबून चालत नाही. तोडलेला ऊस वाळू लागतो, रस नासतो. चरकाचा रूळ तुटला वा बॉयलरची नळी फुटली, तर विलायतेहून भाग येईपर्यंत हात बांधून बसणे म्हणजे सर्वनाश. म्हणून प्रत्येक साखर कारखान्याला आपली यंत्रशाळा ठेवावीच लागते. वालचंदनगरची यंत्रशाळा अशीच दुरुस्तीच्या गरजेतून वाढली. तेथे आसपासच्या गावांतील मुले लेथवर उभी राहिली, वेल्डिंग शिकली, ओतकाम शिकली. मोडलेला भाग दुरुस्त करता करता नवा भाग करणे आले, आणि शेठजींच्या पश्चात तर साखर कारखान्यांची संपूर्ण यंत्रसामग्री तेथे बनू लागली.

शेठजींची दृष्टी मात्र त्याही पुढे धावत होती. १९३९ साली अमेरिकेच्या प्रवासात विल्यम पॉली या विमान व्यवसायातील गृहस्थाशी त्यांची गाठ पडली, आणि हिंदुस्थानात विमाने का बनू नयेत या विचाराने त्यांच्या मनात घर केले. डिसेंबर १९४० मध्ये म्हैसूर संस्थानच्या साहाय्याने बंगळूर येथे हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी निघाली आणि १९४१ मध्ये तेथे जुळविलेले पहिले विमान आकाशात उडाले. पण युद्धाच्या धामधुमीत १९४२ साली सरकारने शेठजींचा हिस्सा विकत घेऊन कारखाना आपल्या ताब्यात घेतला.

जहाजबांधणीचेही तसेच झाले. विशाखापट्टणमच्या गोदीची कोनशिला २१ जून १९४१ रोजी राजेंद्रबाबूंच्या हस्ते बसविली गेली. पुढच्याच वर्षी त्या शहरावर जपानी बाँब पडले आणि काम खोळंबले. तरी स्वातंत्र्य मिळाल्यावर १४ मार्च १९४८ रोजी 'जलउषा' हे तेथे बांधलेले जहाज पंडित नेहरूंच्या हस्ते पाण्यात उतरले. ती गोदीही १९५२ मध्ये सरकारच्या नियंत्रणाखालील हिंदुस्थान शिपयार्ड कंपनीकडे गेली. मुंबईस कुर्ल्याला प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा कारखाना निघाला आणि १९४७ साली तेथून पहिली मोटार बाहेर पडली.

जहाज, विमान, मोटार असे तिन्ही उद्योग एका माणसाने एका दशकात हाती घेतले. त्यांतील दोन त्यांच्या हातून गेले. एखादा दुसरा खचून गेला असता. पण वस्तुतः काय गेले आणि काय राहिले? मालकी गेली, कारखाने राहिले, कारागीर राहिले. बंगळूरचा तो विमान कारखाना म्हणजेच आजचा हिंदुस्थान एरोनॉटिक्स. चांद्रयान-२ च्या कक्षायानाचा सांगाडा तेथेच तयार झाला. शेठजींनी लावलेल्या दोन वेगवेगळ्या रोपांच्या फांद्या अशा एकाच चंद्राकडे वळल्या.

१९४९ मध्ये शेठजींना पक्षाघाताचा झटका आला आणि १९५० मध्ये ते सर्व कामांतून निवृत्त झाले. सदैव धावणारा हा माणूस अंथरुणास खिळला. त्या दिवसांत त्यांची शुश्रूषा पत्नी कस्तुरबाई यांनी केली. उद्योगपतींच्या चरित्रांत पत्नीला बहुधा दोन ओळी मिळतात. पण आजाऱ्याची रात्रंदिवस सेवा करणे म्हणजे काय, हे आपणां भगिनींस वेगळे सांगावयास नको. सांगलीचे कस्तुरबाई वालचंद महाविद्यालय त्यांच्या नावाने चालते, आणि तेथील अभियांत्रिकी महाविद्यालयास शेठजींचे नाव आहे. ८ एप्रिल १९५३ रोजी गुजरातेत सिद्धपूर येथे वालचंद हिराचंद यांचे देहावसान झाले. वय ७० वर्षांचे होते.

त्या दिवशी माणसाने बनविलेली एकही वस्तू पृथ्वीभोवती फिरत नव्हती. पण त्यानंतर घटना झपाट्याने घडल्या. १९५७ साली रशियाचा स्पुटनिक आकाशात फिरू लागला. १९५९ मध्ये रशियाचेच लूना-२ हे यान चंद्रावर जाऊन आदळले. चंद्राला शिवणारी ती पहिली मानवनिर्मित वस्तू. नुसते आदळणे वेगळे आणि हळुवार उतरणे वेगळे. चंद्रावर हवा नाही, त्यामुळे तेथे हवाई छत्री चालत नाही. अग्निबाण उलट दिशेने पेटवूनच वेग मारावा लागतो. ते फेब्रुवारी १९६६ मध्ये लूना-९ ने साधले. आणि जुलै १९६९ मध्ये अमेरिकेच्या अपोलो-११ मधून नील आर्मस्ट्राँग व एडविन ऑल्ड्रिन हे दोघे चंद्रावर प्रत्यक्ष चालले. आपल्या देशात केरळातील थुंबा येथून पहिला लहान अग्निबाण उडाला तो २१ नोव्हेंबर १९६३ रोजी.

विक्रम साराभाई व त्यांच्या सहकाऱ्यांना पुढे मोठे अग्निबाण बनवावयाचे होते, तेव्हा प्रश्न आला की एवढी मोठी, अचूक पोलादी कामे देशात करणार कोण? अशा कामासाठी जे थोडे कारखाने पुढे आले त्यांत वालचंदनगर होते. १९७३ पासून तेथे अवकाश संशोधनाच्या कामास आरंभ झाला. १९८० मध्ये एसएलव्ही-३ या अग्निबाणाने रोहिणी उपग्रह कक्षेत सोडला. त्यानंतर पीएसएलव्ही आणि पुढे एलव्हीएम-३ हे मोठे प्रक्षेपक आले.

चांद्रयान-३ ज्या एलव्हीएम-३ ने १४ जुलै २०२३ रोजी नेले, तो सुमारे ४३ मीटर उंच आणि ६४० टन वजनाचा. त्याच्या दोन बाजूंस दोन जाडजूड अग्निबाण बांधलेले असतात. त्यांना एस-२०० म्हणतात. प्रत्येकात २०० टनांहून अधिक घन इंधन असते. त्यांच्या ३.२ मीटर व्यासाच्या पोलादी कवचाचे खंड वालचंदनगरला तयार झाले. हे काम कसे असते? विशेष जातीच्या पोलादाचे पत्रे वाकवून कडी करावयाची, ती जोडावयाची, सांधे क्ष-किरणांनी पाहावयाचे, उष्णतेची प्रक्रिया देऊन कणखर करावयाची आणि शेवटी आत दाब देऊन तपासावयाची. कवच जाड करून चालत नाही, कारण प्रत्येक किलो वजन वर उचलावयाचे असते; पातळ करून चालत नाही, कारण आत ज्वाळा आणि प्रचंड दाब. आपल्या घरच्या प्रेशर कुकरची रबरी कडी थोडी सैल झाली तरी काय होते ते आपण जाणतो.

अशी सैल कडी केवढा अनर्थ करू शकते, हे जगाने २८ जानेवारी १९८६ रोजी पाहिले. अमेरिकेचे चॅलेंजर हे यान उड्डाणानंतर ७३ सेकंदांत नष्ट झाले. बाजूच्या घन इंधनाच्या अग्निबाणाच्या सांध्यातील रबरी कडी थंडीने ताठर झाली होती. त्या फटीतून ज्वाळा बाहेर आली. यानातील सातही जणांचा अंत झाला. त्यांत क्रिस्टा मॅकऑलिफ ही शाळेतील शिक्षिका होती. यंत्रशाळेत सांधा तपासणाऱ्या कारागिराच्या नजरेवर कोणाचे तरी कुंकू, कोणाचे तरी लेकरू अवलंबून असते, ते असे.

चॅलेंजर हे पुन्हा पुन्हा वापरता येणाऱ्या यानांपैकी एक होते. सामान्य अग्निबाण म्हणजे पत्रावळ. एकदा जेवण झाले की टाकून द्यावयाची. एस-२०० चे कवच दोन-सव्वादोन मिनिटांत आपले काम संपवून समुद्रात पडते, आणि महिनोन्महिन्यांचे श्रम पाण्यात जातात. ताटाप्रमाणे घासूनपुसून पुन्हा वापरता आले तर खर्च केवढा वाचेल, असा विचार करून अमेरिकेने स्पेस शटल बनविले. १९८१ ते २०११ पर्यंत त्याची १३५ उड्डाणे झाली. त्याचे बाजूचे अग्निबाण छत्र्यांच्या साहाय्याने समुद्रात उतरत, जहाजे ते ओढून आणत, आणि कवचांत पुन्हा इंधन भरले जाई. तथापि प्रत्येक वेळची डागडुजी इतकी महाग पडली, की अपेक्षित काटकसर झाली नाही. १ फेब्रुवारी २००३ रोजी परत येताना कोलंबिया हे यानही नष्ट झाले. त्यात कर्नालची आपली कल्पना चावला होती. पुढे २०१५ मध्ये स्पेसएक्स या अमेरिकन कंपनीने आपल्या अग्निबाणाचा खालचा टप्पा जमिनीवर उभा उतरवून दाखविला. भारताने २३ मे २०१६ रोजी पंख असलेल्या प्रायोगिक यानाचे उड्डाण केले, आणि २०२३ व २०२४ मध्ये चित्रदुर्ग येथे 'पुष्पक' यान हेलिकॉप्टरमधून सोडून धावपट्टीवर आपोआप उतरविण्याचे प्रयोग तीन वेळा यशस्वी केले.

चंद्राची आपली वाटही सरळ नव्हती. २००८ साली चांद्रयान-१ मधून सोडलेला शोधक तिरंगा घेऊन चंद्रावर आदळला. सप्टेंबर २०१९ मध्ये चांद्रयान-२ चा विक्रम लँडर उतरता उतरता कोसळला. चार वर्षांनी तिसऱ्या खेपेस यश आले, आणि रशिया, अमेरिका व चीन यांच्यानंतर चंद्रावर अलगद उतरणारा भारत हा चौथा देश ठरला. या कामात स्त्रियांचा वाटा मोठा आहे. चांद्रयान-२ च्या प्रकल्प संचालक एम. वनिता आणि मोहीम संचालक रितू करिधाल होत्या. चांद्रयान-३ च्या सहयोगी प्रकल्प संचालक के. कल्पना होत्या.

शेठजींच्या चरित्राचा अर्थ या साऱ्या घटनांवरून उलगडतो. त्यांची पहिली बोट मोडीत निघाली, विमानाचा कारखाना हातचा गेला, गोदी सरकारजमा झाली. नफातोट्याच्या वहीत या बाबी तोट्यातच मांडल्या जातील. पण प्रत्येक ठिकाणी त्यांनी आपल्या माणसांच्या हाती एक नवे काम दिले, आणि एकदा हाताला आलेली विद्या कोणी काढून घेऊ शकत नाही. उसाच्या चरकाचा रूळ घासणाऱ्या हातांनी पुढच्या पिढीला लेथ शिकविला, आणि त्या पिढीने अग्निबाणाचे कवच घडविले. बी पेरणाऱ्याला पीक पाहावयास मिळाले नाही. शेजारपाजारच्या मुलांना मिळाले.

भगिनींनो, हा शेजार आपला आहे. आपल्या घरातली एखादी मुलगी दहावीनंतर आयटीआयला जावयाचे म्हणाली, फिटर किंवा टर्नर व्हावयाचे म्हणाली, तर हे बायकांचे काम नव्हे असे म्हणून तिला घरी बसवू नये. आईविना वाढलेला सोलापूरचा एक मुलगा वडिलांची गादी सोडून माती-दगडाच्या कामाला गेला, म्हणून आपल्या तालुक्याशेजारी हे नगर उभे राहिले. तेथल्या यंत्रशाळेत पुढच्या अग्निबाणाचा सांधा तपासणारी नजर पिंपळीच्या एखाद्या मुलीची असू शकते. तिला तेथवर पोचविणे आपल्या हाती आहे.